दुसरी कॉट

वसतिगृहाच्या खोल्यांची यादी फलकावर लागली की दुसऱ्या दिवसापासून कार्यालयात पालकांची रीघ सुरू होते. गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा मुलं कुठे जेवतात, आजारी पडलं तर डॉक्टर कोण, असे सगळे रास्त प्रश्न विचारून होतात. मग खुर्ची जरा पुढे सरकते आणि आवाज खाली येतो. "सर, पार्टनर कोण दिलाय त्याला? आडनाव काय म्हणालात?" एका कॉलेजच्या वसतिगृहाचा रेक्टर असताना हा प्रश्न मी दर वर्षी ऐकला. आडनाव कळलं की गाव विचारलं जातं. आडनाव आणि गाव यांच्यावरून जात कळते. ती मनासारखी निघाली तर पालकांचा चेहरा सैल होतो. नाही निघाली, तर आठवड्याच्या आत खोली बदलून मिळण्याचा अर्ज येतो. अर्जातलं कारण वेगळं असतं. धुळीची ॲलर्जी, अभ्यासाच्या वेळा जुळत नाहीत, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही.

या पालकांना मी वाईट माणसं मानत नाही. सतरा-अठरा वर्षांचं लेकरू पहिल्यांदा घराबाहेर झोपणार असतं, आणि ते कोणाशेजारी झोपणार हे विचारणं हा काळजीचाच भाग असतो. तरीही मला वाटतं की वसतिगृहाच्या तयारीत आपली मोठी चूक इथेच होते. गादी, बादली, मग, कुलूप, एक्स्टेन्शन बोर्ड, मेथीचे लाडू, चिवडा, मोबाइलचा नवा प्लॅन ही सगळी तयारी आपल्या मुलाच्या कॉटपुरती असते. खोलीत दुसरी कॉट असते. तिच्यावर झोपणारा माणूस आपल्या मुलाने निवडलेला नाही, तो आपल्या घरात वाढलेला नाही, आणि पुढचं वर्षभर त्याचा या खोलीवर आपल्या मुलाइतकाच हक्क आहे. त्याच्याबरोबर बरोबरीच्या नात्याने राहायला मुलाला शिकवणं हीच खरी तयारी. ती बहुतेक घरांत होत नाही, आणि दुसऱ्या कॉटवर 'आपल्यातलाच' कोणीतरी यावा यासाठी मात्र सगळी शक्ती लागते.

महाराष्ट्रात वसतिगृहं का निघाली हे आठवलं तर या चुकीची खोली कळते. वसतिगृहांच्या आधीच्या काळात गरीब विद्यार्थी शहरात शिकायचा तो माधुकरी मागून किंवा वार लावून. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीने कित्येक गरीब मुलं शिकली, मोठी झाली. पण जेवायला घालणारं घर बहुधा आपल्याच जातीचं असायचं. ज्याच्या जातीची खाऊनपिऊन सुखी घरं शहरात नव्हती, त्याला शहरात वार नव्हता, आणि म्हणून शिक्षणही नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमकं हेरलं. नुसती फी माफ करून भागणार नाही, मुलाला राहायला आणि जेवायला जागा हवी, हे ओळखून त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांना जागा, इमारती आणि कायमची उत्पन्नं द्यायला सुरुवात केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहं. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं.

जातवार वसतिगृहं काढणाऱ्या शाहू महाराजांचा दाखला मिश्र खोल्यांसाठी कसा देता, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही इतिहासात आहे. सर्वांसाठी एकच वसतिगृह ठेवण्याचा प्रयोग आधी झाला होता. त्यात एका जातीचं वर्चस्व झालं आणि बाकीची मुलं बाहेरच राहिली. ज्यांना दारातच घेतलं जात नव्हतं त्यांना आधी स्वतःचं दार देणं, हा त्या काळातला मार्ग होता. पण त्याच कोल्हापुरात त्या मार्गाची मर्यादाही दिसली. भाऊराव पाटील तेव्हा जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते हजर राहिले. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं.

याच माणसाने पुढे १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. तिथे सर्व जातींची मुलं एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं: छत्रपती शाहू बोर्डिंग. दळण, पाणी, झाडलोट मुलांनी आपसांत वाटून घेतलेली असे. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही हकीगत आपण त्यागाची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्यागाच्या भरात एक गोष्ट मागे पडते. ते मंगळसूत्र एकाच पंगतीत बसलेल्या, वेगवेगळ्या जातींच्या मुलांच्या जेवणासाठी मोडलं होतं. त्या काळी हे गावोगावच्या रूढीच्या विरुद्ध होतं. भाऊरावांच्या दृष्टीने पुस्तक आणि पंगत ही दोन्ही शिक्षणंच होती. मला त्यांचं म्हणणं आजही शब्दशः खरं वाटतं.

आज आपण उलट्या दिशेने चाललो आहोत, आणि तेही सरकारी धोरणाने, बाजाराने आणि घराघरांतल्या निर्णयांनी, तिन्ही बाजूंनी.

आधी सरकार. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. ज्याला जागाच मिळत नाही त्याला हे पैसे आधार आहेत, याबद्दल वाद नाही. पण पैसे देण्याची सोय झाली की नवी वसतिगृहं बांधण्याची निकड कमी होते. आदिवासी विकास विभागाने २०१८ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: वसतिगृहातल्या मेसऐवजी जेवणाचे पैसे थेट खात्यात. त्या वर्षी जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनी याविरुद्ध पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. पैसे वेळेवर येत नाहीत, बाहेरचं जेवण त्या रकमेत भागत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. मला त्यात आणखी एक नुकसान दिसतं. मेस बंद झाली की वसतिगृह फक्त झोपायची जागा उरते. संध्याकाळी आठ वाजता सगळे एका ठिकाणी बसतात, कोण आला नाही हे लक्षात येतं, ज्याचा चेहरा उतरलाय त्याला कोणीतरी विचारतं. हे सगळं स्वयंपाकघराभोवती घडत असतं. खात्यात जमा होणाऱ्या रकमेत यातलं काहीच येत नाही.

बाजाराचं काम त्याहून सोपं. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर या भागांत कॉट बेसिसवर राहणारी हजारो मुलं आहेत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी, इंजिनिअरिंगची, अलीकडे अकरावी-बारावीचीसुद्धा. लातूरला तर दहावी झालेली मुलं राहायला येतात, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची. या सगळ्या पीजींत आणि खासगी हॉस्टेलांत आता दोन गोष्टी विकल्या जातात: एकट्याची खोली, किंवा ओळखीतला पार्टनर. गावाकडच्या ग्रुपवर चौकशी होते, 'आपलाच एक जण आहे, जागा आहे का' असे निरोप फिरतात. अमेरिकेत एमएसला जाणारी मुलं विमानात बसण्याच्या कितीतरी आधी इथल्याच ग्रुपवर मराठी, शाकाहारी, शक्यतो पुण्याचा असा रूममेट ठरवून मोकळी होतात. बारा हजार किलोमीटर ओलांडायचे आणि दुसऱ्या कॉटवर आपल्याच आळीतला मुलगा. परदेशातल्या पहिल्या महिन्यात ओळखीची भाषा लागते, हे मला कळतं. पण दोन वर्षं त्याच चौघांत जगून परत येणाऱ्यांनी काय पाहिलं, हा प्रश्न राहतोच.

तिसरी बाजू घराची: घरातल्या सवयी मेसच्या टेबलापर्यंत येतात. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत काही वसतिगृहांच्या सामायिक मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली, आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला. शेजारच्याने काय खावं हे मला ठरवायचं नाही, तसं माझ्या ताटात काय असावं हे त्यानेही ठरवू नये. ताट वेगळं असणं मला पूर्ण मान्य आहे. पण कोणत्या टेबलाशी कोणी बसावं हे ताटावरून ठरू लागलं, की आपण साताऱ्याच्या पंगतीकडून कोल्हापूरच्या त्या आंघोळीकडे परत जातो. देशातली हुशार मुलं जिथे एकत्र येतात तिथे हे घडलं, म्हणून ते जास्त दुखतं.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. मुलं शिकायला जातात, समाजसुधारणा करायला नाही. त्यांना ज्याच्याबरोबर बरं वाटतं त्याच्याबरोबर राहू द्यावं. हे उत्तर समंजस वाटतं, पण ते अनुभवाला धरून नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये ठरवलं की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना रूममेट स्वतः निवडता येणार नाही. कारण असं दिसू लागलं होतं की मुलं समाजमाध्यमांवरून आपल्यासारख्याच घरांतली, आपल्यासारख्याच शाळांतली मुलं आधीच हेरून ठेवतात. आपल्या देशातला पुरावा त्याहून बोलका आहे. दिल्लीतल्या अनेक खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतली मुलं घेणं भाग पडलं. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झालेली आढळली. रिले शर्यतीसाठी साथीदार निवडताना ती घर कमी आणि धावण्याचा वेग जास्त पाहत होती. एकूण गुणांमध्ये फारसा फरक पडला नव्हता, इंग्रजीत किंचित घट होती. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो पुढचा निष्कर्ष. काही शाळांत अभ्यासाचे गट नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने पाडले जात. त्या योगायोगाने ज्यांच्या गटात गरीब मूल आलं, त्यांच्यात बदल जास्त होता. म्हणजे एका इमारतीत असून भागत नाही, शेजारी बसावं लागतं. वसतिगृहाची खोली हे शेजारी बसणं रोजच्या रोज, झोपेतसुद्धा घडवते.

पण दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. मिश्र खोलीत शिकणं श्रीमंताचं आणि सवर्णाचं होतं, आणि त्याची किंमत दुसऱ्या कॉटवरचा मुलगा मोजतो. रोज सकाळी आपल्या उच्चारांवर, डब्यावर, शिष्यवृत्तीवर शेरे ऐकत कोणी कोणाला माणुसकी शिकवावी? २०१९ मध्ये मुंबईत पायल तडवी या आदिवासी समाजातल्या तरुण डॉक्टरने वसतिगृहाच्या खोलीत आयुष्य संपवलं. तिच्याबरोबरच्या वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला. अशी घटना समोर असताना 'सगळ्यांना एकत्र ठेवा, आपोआप जुळेल' असं म्हणायची माझी तयारी नाही. आपोआप काहीही जुळत नाही. म्हणूनच मुलांना घरातून तयार करून पाठवणं आणि वसतिगृहात जागरूक माणूस असणं, या दोन्हींशिवाय मिश्र खोलीचा आग्रह धरणं बेजबाबदारपणाचं होईल. दुबळ्या बाजूच्या मुलाने खोली बदलून मागितली तर ती त्याच दिवशी मिळाली पाहिजे. प्रबळ बाजूच्या मुलाने मागितली तर आधी कारण विचारलं पाहिजे. ही असमान वागणूक आहे आणि ती मी सगळा विचार करून सुचवतो आहे, कारण त्या दोघांची परिस्थितीच समान नाही.

कायदा पुरेसा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा, म्हणजे देशातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी. दोषी ठरलेल्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, आणि पाच वर्षं कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही. २००९ च्या यूजीसीच्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर चोवीस तास तक्रार करता येते. हा क्रमांक आपल्या मुलाच्या फोनमध्ये असतोच असं नाही, तो घालून द्यावा. पण प्रतिज्ञापत्र पालक वाचतात का? प्रवेशाच्या रांगेत उभ्या उभ्या सह्या होतात. त्या कागदाचा साधा अर्थ असा की माझं मूल दुसऱ्याला छळणार नाही, याची मी लेखी हमी देतो आहे. आपलं मूल छळ सोसणारं असेल या भीतीने पालक झोपत नाहीत. ते छळणारं असेल ही शंका मात्र क्वचितच कोणाला येते. खोलीत दोघे असतात, आणि दोन्हीकडचे पालक आपलंच मूल बिचारं धरून चालतात.

आता घरातल्या तयारीकडे येऊ. ती बारावीच्या निकालानंतरच्या महिन्यात होत नाही, निदान दोन वर्षं आधी सुरू व्हावी लागते. आणि ती मुलग्यांच्या बाबतीत जास्त करावी लागते, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या व्यक्तींची नोंद आहे. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. आणि हे फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांचे आकडे; दिवसभरात घरकाम केलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्क्यांवर होतं, पुरुषांचं २६. म्हणजे चारांतल्या तीन पुरुषांनी त्या दिवशी घरातलं काहीच केलेलं नाही. अशा घरात वाढलेला मुलगा खोलीत येतो तेव्हा त्याला घाण दिसत नाही असं नाही. ती आपण काढायची असते हे त्याला माहीत नसतं. ओला टॉवेल कॉटच्या दांडीवर तसाच राहतो, चहाचा कप तिसऱ्या दिवशी वास मारू लागतो, आणि दोघांपैकी ज्याला आधी असह्य होतं तो निमूटपणे साफ करतो. हळूहळू तो खोलीतला ठरलेला सफाईवाला होतो. तो कोण असतो, याकडे मी नीट लक्ष देऊन पाहिलं आहे. बहुतेक वेळा तो घरून कमी पैसे येणारा, कमी बोलणारा मुलगा असतो. जात आणि पैसा खोलीत शिरायला घोषणा लागत नाहीत, एक न धुतलेला कप पुरतो.

म्हणून घरी सांगायचं ते हे: संडास घासता आला पाहिजे, स्वतःचे कपडे धुता आले पाहिजेत, भात-वरण किंवा खिचडी करता आली पाहिजे, आणि या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय झाल्या पाहिजेत. पुण्यातल्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्थांनी १९५० च्या दशकापासून वसतिगृहातली कामं विद्यार्थ्यांकडे सोपवली, ती काटकसरीपुरती नाहीत. ज्याने सगळ्यांसाठी पोळ्या वाढल्या आहेत तो ताटात अन्न टाकताना थांबतो.

याच संदर्भात एक उलटं सत्य सांगायला हवं. वसतिगृहात आलेला गावाकडचा मुलगा 'तयार नाही' अशी शहरात समजूत असते, कारण तो इंग्रजीत अडखळतो, मॉलमध्ये बिचकतो. पण नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेत वाढलेला मुलगा लहानपणापासून वीस-तीस जणांच्या खोलीत झोपलेला असतो. नवोदय विद्यालयातला मुलगा सहावीपासून घराबाहेर असतो. दिवा चालू असताना झोपणं, रांगेत थांबून आंघोळ, आजारी मित्रासाठी ताट झाकून ठेवणं, ज्याच्याशी भांडलो त्याच्याच शेजारी रात्री निजणं, हे सगळं त्यांना येतं. आश्रमशाळांची दुरवस्था मला माहीत आहे, तिचं मला कौतुक सांगायचं नाही. पण सहजीवनाच्या विषयात हा मुलगा पुढच्या वर्गातला असतो आणि स्वतंत्र खोलीत, बंद दाराआड वाढलेला कोथरूडचा मुलगा पहिलीत. वसतिगृहांनी पहिल्या आठवड्यात हे उघडपणे मान्य केलं आणि या मुलांवर खोलीच्या, मेसच्या जबाबदाऱ्या सोपवल्या, तर त्यांचा संकोच जाईल आणि बाकीच्यांना शिकायला माणूस मिळेल.

कामांनंतर बोलणं. आपल्या घरांत मुलांना दोन गोष्टी शिकवल्या जातात: गप्प बसणं आणि भडकणं. यांच्या मधलं बोलणं कोणी शिकवत नाही. 'तू रात्री दोनला फोनवर बोलतोस, मला झोप लागत नाही, बाहेर जाऊन बोलशील का' हे एक वाक्य पहिल्या आठवड्यात म्हटलं गेलं असतं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर हातघाईवर आलेली कितीतरी भांडणं झालीच नसती. मुलं म्हणत नाहीत. सोसतात, आईला सांगतात, आई रेक्टरला फोन करते, रेक्टर दुसऱ्या मुलाला बोलावतो, आणि त्या मुलाला पहिल्यांदा कळतं की शेजारच्या माणसाला आपला त्रास होत होता. त्याला राग येतो आणि तो राग बरोबर असतो. म्हणून पालकांना माझं सांगणं असं: मुलाचा तक्रारीचा फोन आला की पहिला प्रश्न हा विचारा, 'हे त्याला सांगितलंस का?' छळ, मारहाण, धमकी, जातीवरून बोलणं असेल तर त्याच मिनिटाला रेक्टरला गाठा, वाट पाहू नका. पण पंखा, दिवा, गजर, पाहुणे यांचा निवाडा त्या दोघांना करू द्या.

व्हिडिओ कॉलचंही बोलतो, कारण याकडे कोणाचं लक्ष जात नाही. रोज रात्री आई-बाबा फोनच्या पडद्यावरून खोलीत येतात. 'खोली दाखव बरं' म्हणतात. फोन खोलीभर फिरतो, आणि दुसऱ्या कॉटवर बनियनवर पडलेला मुलगा किंवा केस विंचरत बसलेली मुलगी न विचारता कोणाच्या तरी दिवाणखान्यात दिसू लागते. ही घुसखोरी आहे. इअरफोन लावून, कॅमेरा भिंतीकडे करून बोलणं ही साधी रीत घरातूनच सांगून पाठवायची.

मुलींच्या वसतिगृहांत हे सगळं असतंच, शिवाय दाराच्या वेळेचा काच असतो. २०१५ च्या यूजीसी नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत. तरी मुलांना रात्री अकरा आणि मुलींना साडेसात, असा फरक सर्रास आढळतो. अर्धं शहर न पाहिलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते, तेव्हा आपण तिला निम्मंच शिक्षण दिलेलं असतं.

एक लहान गोष्ट, जिच्यावर माझा फार भर आहे. यादी लागल्यावर जो आधी येतो तो खिडकीजवळची कॉट धरतो. मुंबई-पुण्याची मुलं गाडीतून आई-वडिलांसह सकाळीच पोचतात. आई गादी घालते, वडील कपाटाला कुलूप लावतात, मोठं कपाट आणि खिडकी त्यांची होते. मुक्कामी एसटीने निघालेला मुलगा ट्रंक घेऊन दुपारी येतो आणि दारामागची कॉट त्याच्या वाट्याला येते. कोणी कोणाला काही बोललेलं नसतं, पण वर्षभराचं नातं त्या दुपारी ठरून जातं. नंतर ते बदलायला दोन्हीकडे मोठं मन लागतं. या क्षणी पालकांनी नुसतं एवढं म्हणावं, 'दुसरा येईपर्यंत सामान मध्ये ठेव, मग दोघं मिळून ठरवा.' सामानाच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा हे एक वाक्य मुलाच्या जास्त कामी येईल.

कॉलेजांना माझी विनंती आहे की पहिल्या वर्षाच्या खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, यादीवर आडनावं न छापता फक्त पहिली नावं आणि प्रवेश क्रमांक छापावेत, कॉटही चिठ्ठीनेच ठरावी, आणि पहिल्या सत्रात खोली बदलण्याचा अर्ज रेक्टरने मुलाशी एकट्याने बोलूनच निकाली काढावा. सरकारला विनंती आहे की मेसचे पैसे खात्यात टाकण्याऐवजी मेस चालू ठेवावी आणि वसतिगृहं बांधावीत. आणि ज्यांची मुलं यंदा घराबाहेर पडणार आहेत त्या आई-वडिलांना सांगणं आहे की रेक्टरसमोर बसाल तेव्हा आडनाव विचारू नका. त्या दुसऱ्या मुलाचं नाव विचारा, तो जेवला का ते विचारा, आणि पिशवीतल्या लाडवांचा एक डबा त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवा.